साक्षीला झोप लागली तो रविवार

मित्रांनो, माझ्या अंगावर किती मुली झोपून गेल्या याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. पण मी स्वतः आजवर एकदाही झोपलेली नाही. मी कोल्हापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहातली लोखंडी कॉट. चार पाय, दोन कठडे आणि मधे लोखंडी पट्ट्या, एवढाच माझा देह. लोखंडाला झोप नसते. म्हणूनच की काय, झोप या गोष्टीचं मला जेवढं नवल वाटतं तेवढं दुसऱ्या कशाचंच वाटत नाही.

तुम्ही रोज झोपता, तुम्हाला त्याचं काय कौतुक! पण घटकाभर माझ्या जागी येऊन बघा. दिवसभर हसणारी, भांडणारी, हाडांची नावं घोकणारी एक अख्खी मुलगी येते, आडवी होते, आणि थोड्या वेळाने ती तिथे असून नसते. मिटलेल्या मुठी आपोआप उघडतात. कपाळावरची आठी कुणी न पुसता पुसली जाते. जागा माणूस आडवा झाला तरी स्वतःला थोडं सावरून धरतो; झोपलेला माणूस मात्र सगळाच्या सगळा माझ्या हवाली होतो. ओळख ना पाळख, आणि एका लोखंडाच्या सांगाड्यावर एवढा भरवसा! हा भरवसा पहिल्यांदा अंगावर पडला तेव्हा मी हबकूनच गेले होते.

माझा जन्म उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. ईरप्पा मिस्त्रींनी माझे अँगल कापले, पट्ट्या जोडल्या, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी मला न्हाऊ घातलं आणि वर हिरवा रंग दिला. रंग वाळल्यावर ते स्वतः माझ्यावर बसले, मग उभे राहून दोन उड्या मारल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "पावणं, हत्ती झोपू दे हिच्यावर. वाकली तर माझं नाव ईरप्पा न्हाय!"

कोल्हापुरात कुठल्याही वस्तूबद्दल हत्तीच्या खाली बोलत नाहीत. माझ्यावर हत्ती कधी आला नाही, पण महापूर आला. त्या साली शिरोळकडची गावं पाण्याखाली गेली आणि आमच्या वसतिगृहात माणसंच माणसं झाली. माझ्या वाट्याला यल्लव्वा नावाची एक आजी आली, आणि तिच्याबरोबर नातवंडांचं लेंढार. घर पाण्यात, गोठा पाण्यात, आणि ती पोरं माझ्यावर उड्या मारत होती! मोठी माणसं भिंतीला टेकून गप्प बसलेली असायची आणि या पोरांच्या हसण्याने सगळी खोली दणाणायची. मला तर ते आक्रीतच वाटलं. त्या उड्यांनी माझ्या मधल्या पट्ट्या दबल्या त्या दबल्याच. आजी गावी परत निघाली तेव्हा तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी माझ्या कठड्यावर थाप मारली आणि म्हणाली, "लई सोसलंस बाई." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणाल तर ते.

पण पाठ एकदा वाकली की मान जातो. माझ्या एका पायाचा रबरी बूट कुठेतरी हरवला आणि मी लंगडी झाले. नट ढिले पडले. कुणी कूस बदलली की माझ्यातून कुईं असा आवाज निघू लागला. मुली मला 'झोळी' म्हणू लागल्या. वर्ष सुरू झालं की ज्या आधी येत त्या चांगल्या कॉट धरत, आणि जी सगळ्यात शेवटी येई तिच्या नशिबी मी. दाराजवळच्या कोपऱ्यात, गंज खात, मी त्या शेवटच्या मुलीची वाट बघत राहायचे.

यंदा ती शेवटची मुलगी होती साक्षी. चंदगडकडच्या डोंगरातली, प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत नंबर लागलेली. आई वर्षाराणी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते, वडील भाऊसो भात करतात आणि उरलेल्या दिवसांत मिळेल त्या कामावर जातात. त्यांच्या वस्तीतून नर्सिंगला आलेली ही पहिलीच. आल्या दिवशी तिने मला हात लावून बघितलं, अगदी हळू, आणि कडेला एवढीशी टेकली. घरी ती आजवर भुईवर वाकळ अंथरून झोपलेली. वाकळ म्हणजे जुनी लुगडी, धोतरं एकावर एक ठेवून शिवलेलं जाड अंथरूण; काहीजण तिला गोधडी म्हणतात. कॉट तिच्या घरात नव्हतीच.

आणि मित्रांनो, माझ्यावर तिला झोप लागेना. कंबर खड्ड्यात जाई, पाय वर राहत. पडेन की काय म्हणून ती कठडा धरून ठेवी. जरा डोळा लागला की मी कुईं करी आणि ती दचकून उठे. भुईवर झोपून बघितलं, तर तळमजल्याची फरशी ओली. चार दिवसांत खोकला धरला आणि रेक्टर संयोगिता मॅडमनी तंबी दिली की खाली झोपायचं नाही. ज्या गोष्टीचं मला एवढं अप्रूप, ती गोष्ट या एका पोरीला मी देऊ शकत नव्हते. लोखंडाला रडता येत नाही, ते एका परीने बरंच आहे.

शेजारच्या कॉटवर होती शांभवी. गडहिंग्लजच्या पलीकडची, सीमेवरची. घरी अर्धं कानडी, अर्धं मराठी. आवाज असा की तिने 'साक्षे' म्हणून हाक मारली की माझे नट थरथरत. सकाळी अंघोळ करून ती कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसे. तिचं झालं की साक्षी हलक्या आवाजात बुद्धवंदना म्हणे. एकीचं चाललेलं असताना दुसरी चहासुद्धा ओतत नसे, आवाज होईल म्हणून. त्या दोघी कधी मैत्रिणी झाल्या ते मला कळलंही नाही.

एके दुपारी शांभवी पोट धरून हसत खोलीत आली. मागून साक्षी, मान खाली घालून. झालं होतं असं, की कॉलेजात त्या दिवशी रुग्णाची खाट लावायचा धडा होता. रुग्ण खाटेवर असतानाच चादर कशी बदलायची, ते बाई शिकवणार होत्या. रुग्ण म्हणून एका मुलीला आडवं करतात. साक्षीला केलं. चांगली सपाट खाट, घट्ट ताणलेली चादर. बाईंनी तिला या कुशीवरून त्या कुशीवर केली, चादर काढली, नवी घातली, सगळं झालं, आणि रुग्ण उठेचना! साक्षी गाढ झोपली होती.

"वर्ग सुटला, तरी ही घोरतीया!" शांभवी म्हणाली.

साक्षी मात्र हसली नाही. बाई रागावल्या होत्या. वर्गात रोज पेंगते, अभ्यासात लक्ष नाही. असंच चाललं तर घरच्यांना बोलावू, म्हणाल्या होत्या. माझ्या कडेला बसून ती म्हणाली, "मला न्हाय झेपायचं हे. मी घरी जातो." आमच्या भागातल्या पोरी स्वतःबद्दल बोलताना 'जातो, येतो' असंच म्हणतात. तिचा आवाज अगदी साधा होता, ठरवून टाकलेल्या माणसासारखा, आणि त्याचीच मला भीती वाटली.

शांभवी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "साक्षे, तू आजारी न्हाईस. ही कॉट आजारी हाय. आता हिलाच बरी करायची."

आणि मित्रांनो, त्यांनी मला खरोखर रुग्णासारखं तपासलं! गादी उचलली, मला आडवं पाडलं, उताणं केलं. इतक्या वर्षांत माझ्या पोटाखाली कुणी वाकून बघितलं नव्हतं. शांभवीने पाना मागून आणून नट आवळले. साक्षीने डोक्याला लावायच्या बाटलीतलं खोबरेल माझ्या सांध्यांत सोडलं. लंगड्या पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा आला आणि कित्येक वर्षांनी मी चारी पायांवर सरळ उभी राहिले. अंगात एक वेगळीच हुशारी आली. खोली मला तिरकी दिसायची सवय झाली होती, ती सरळ दिसायला लागली.

राहिला मधला खड्डा. त्यावर काय उपाय, यावर दोघींचा वाद चालला असताना साक्षीला अडगळीच्या खोलीतला जुना फळा आठवला. चांगला जाड, लाकडी, काळा फळा. संयोगिता मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "फळ्यावर झोपणार? मग तरी डोक्यात काही जाईल," आणि किल्ली दिली. तो फळा माझ्या पट्ट्यांवर बरोबर बसला. त्यावर कुणीतरी कधीकाळी काढलेलं मूत्रपिंडाचं चित्र अजून पुसट दिसत होतं. वर झोपणारी मुलगी आणि खाली मी, आमच्या मधे आता एक मूत्रपिंड आलं!

गादी दोघींनी गच्चीवर नेली. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. काठीने झोडपल्याचा आवाज मला खाली ऐकू येत होता. संध्याकाळी गादी परत आली ती उन्हाचा वास घेऊन, फुगून. तरी साक्षीने हात फिरवला आणि मान हलवली. गादीतले गोळे तसेच होते. "हिच्यावर वाकळ पायजे," ती म्हणाली. "वाकळ असली की मला कुठंबी झोप लागती."

घरची वाकळ मागवायची तर घरी थंडीला तीच होती. मग शांभवीने सगळ्या मजल्यावर दवंडी पिटली. काय सांगू तुम्हाला! कुणी फाटलेली ओढणी आणली, कुणी आईची विटलेली साडी, कुणी जुना पडदा. माझ्यावर कापडांचा ढीग झाला. साक्षीने ते सगळं माझ्यावरच पसरलं, थर लावले, आणि सुई घेऊन बसली. कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत आत जाणारा धावदोरा. दुपारी कॉलेज सुटलं की मुली माझ्याभोवती बसत, ती शिकवी आणि त्या टाके घालत. वर्गात पेंगणारी ती हीच का, असा प्रश्न पडावा असे तिचे हात चालत. माझ्या अंगावर एक वस्तू जन्माला येत होती आणि मी ते बघत होते. मी ज्या शेडमध्ये जन्मले तिथे ठिणग्या होत्या. इथे नुसत्या बोटांच्या हालचालीने तेच चाललं होतं.

शेवटचा कोपरा शिवायची वेळ आली तेव्हा शांभवीने हात धरला. "थांब. आमच्याकडं कौदी अशी बंद करत न्हाईत." वाकळेला ती कौदी म्हणे. त्यांच्या घरची रीत अशी, की शेवटच्या कोपऱ्यात चार दाणे घालायचे. कौदी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप देत नाही, असं तिची अज्जी सांगे.

साक्षीला ते फार आवडलं. तिने पेटीतून घरचे तांदूळ काढले. पण चार दाणे देणं हे काही तिच्या हाताला जमेना. चांगले मूठभर घातले. त्यावर शांभवी म्हणाली, "नुसता भातच व्हय? आपण कोल्हापूरची माणसं. पाव्हण्याला गोड न्हाय खाऊ घालायचं?" आणि तिने गुळाचा एक खडा फोडून त्यात सारला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. कोपरा शिवून बंद झाला.

आता हसू नका. कोल्हापूरच्या माणसाला गुळाशिवाय पाहुणचार सुचत नाही, आणि मुंग्यांना हे आधीपासून ठाऊक आहे.

त्या रात्री साक्षी नव्या वाकळेवर आडवी झाली. फळा सपाट, पाय सरळ, मी मुकी. तिने एक मोठा श्वास सोडला. मी वाट बघू लागले. तिच्या मुठी सैलावल्या, भार उतरू लागला, आता येणार, आता येणार असं वाटलं, आणि ती किंचाळून उठली. माझ्या चारही पायांवरून काळ्या रांगा चढत होत्या. वाकळेच्या कोपऱ्यावर तर जत्रा भरली होती. साक्षीच्या मानेवर, दंडावर लाल गांधी उठल्या.

तिने कुणाला दोष दिला नाही. अंग झटकलं आणि खुर्चीवर बसून राहिली ती सकाळपर्यंत. सकाळी तिने घरी फोन लावला, आणि आईचा आवाज ऐकताच तिचा बांध फुटला. "आई, मला न्हे हितनं. मला झोपच येत न्हाय गं."

पलीकडून वर्षाराणीचा घाबरा आवाज आला, "रडू नगंस बाय माझी. आयतवारी येतो मी." आणि मागून भाऊसो ओरडत होते, "आण तिला म्हागारी! पोरगी झोपत न्हाय म्हंजे काय? जीव हाय का न्हाय तिला? नर्स न्हाय झाली तर आभाळ कोसळत न्हाय. कारखान्यात लाव की तुझ्यासंगं." माया होती हो त्या ओरडण्यात. पण त्या मायेचा शेवट काजूच्या शेडमध्ये होता. कॉलेज अर्ध्यात सोडून गेलेली मुलगी पुन्हा त्या खोलीत आलेली मी कधी पाहिली नाही. पुढच्या वर्षी तिच्या जागी दुसरीच येते.

शांभवीचा आवाज त्या दिवसापासून बसला. तिने मुकाट्याने कोपरा उसवला, गूळ-तांदूळ काढून टाकले, वाकळ धुतली, गच्चीवर दोन उन्हं दाखवली. मेसमधून जुन्या थाळ्या आणून माझ्या प्रत्येक पायाखाली एक ठेवली आणि त्यांत पाणी ओतलं, म्हणजे मुंगी चढायची नाही. रविवारी सकाळी तिने वाकळ माझ्यावर नीट अंथरली. साक्षीने तिकडे पाहिलंही नाही. ती बॅग भरत होती. कपडे गेले, पुस्तकं गेली, घडी घातलेली धुतलेली चादर गेली. चेन ओढून बंद झाली.

"मी जरा पाणी भरून येतो," असं म्हणून शांभवी बाहेर गेली. तिची बाटली तर टेबलावरच होती.

साक्षी माझ्यावर बसली. चंदगडची गाडी यायला अवकाश होता. बसल्या बसल्या ती भिंतीला टेकली. मग सरकून कुशीवर झाली, चपलांचे पाय बाहेर ठेवून, नुसतं अंग टाकावं तसं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाहेर कुणीतरी बादलीत कपडे आपटत होतं. आणि मला जाणवलं, की तिचा भार बदलतोय.

आधी खांदा आला, मग पाठ. मग डोकं, सगळ्यात शेवटी. माणूस डोकं फार उशिरा सोडतो. एका पायातली चप्पल गळून फरशीवर पडली. मी दचकले, ती दचकली नाही. श्वास लांबला, इतका लांबला की मधल्या शांततेत मला पुढच्या श्वासाची वाट बघावी लागत होती. किती दिवसांचं जागरण त्या एवढ्याशा देहात साठलं होतं, ते सगळं तिने माझ्यावर उतरवलं. मित्रांनो, मी लोखंड आहे, पण त्या वेळी मला वाटलं की देवळाच्या गाभाऱ्यात जे काही असतं म्हणतात ते इथे, या कोपऱ्यात आलं आहे. हलायचं तर सोडाच, गंजायचीसुद्धा माझी हिंमत नव्हती.

वर्षाराणी आली ती संयोगिता मॅडमच्या मागून. बारीक अंगाची, काजूच्या तेलाने बोटं काळी पडलेली, हातात रिकामी पिशवी. दारातच थबकली.

"उठवू का तिला?" मॅडम पुढे झाल्या.

"नगा, नगा." वर्षाराणीने त्यांचा हातच धरला. "झोपू द्या."

"पण तुमची परतीची गाडी?"

"गाड्या काय, येत्यात आन् जात्यात."

ती माझ्याजवळ खाली फरशीवर बसली. बराच वेळ नुसती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. मग तिचं लक्ष पाण्याच्या थाळ्यांकडे गेलं, फरशीच्या तुकड्याकडे गेलं, गादीखालून डोकावणाऱ्या फळ्याकडे गेलं. वाकळेचे टाके तिने बोटाने चाचपले. इतक्यात शांभवी आली आणि दारातच रडायला लागली. हलक्या आवाजात, म्हणजे तिच्या मानाने हलक्या, तिने सगळं सांगून टाकलं. गुळाचं ऐकल्यावर वर्षाराणीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदा हलत होते.

"गूळ? आगं बाई, वाकळंला काय दात हायत व्हय!"

मग तिने सुईदोरा आणि चिमूटभर तांदूळ मागितले. उसवलेल्या कोपऱ्यात तांदळाचे चार कोरडे दाणे ठेवले आणि लेकीला धक्का न लावता तो कोपरा शिवून टाकला. "रीत मोडू न्हाई," ती शांभवीला म्हणाली, "पर जेवान पचंल एवढंच वाढावं." शांभवीने डोळे पुसले.

साक्षी उठली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. ती गोंधळून बघत राहिली. "आई? कवा आलीस?"

"मगाशी."

"उठवायचं न्हाई का मला?"

वर्षाराणीने सुईदोरा शांभवीला परत दिला. ती उठली, बॅगेच्या पट्ट्याला हात घातला आणि विचारलं, "उचलू?"

मी माझ्या चारही पायांवर ताठ उभी होते. साक्षीने आईकडे बघितलं. पहाटे उठून, दिवस निम्मा प्रवासात घालवून आलेली आई. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले. असं तिने आईला कधी बघितलं होतं की नाही कोण जाणे. घरी आई तिच्या आधी उठलेली असायची आणि तिच्यानंतर झोपायची.

"आई, गाडीला येळ हाय न्हवं? जरा पड."

"छ्या! मी कुठं कॉटावर? पाय बघ माझं, धुरळ्यानं भरल्यात."

साक्षीने बॅगेची चेन उघडली. वरचे कपडे बाजूला केले, आतून ती धुतलेली चादर काढली आणि झटकली. मग तिने माझ्यावर ती अशी काही घातली, मित्रांनो, की माझ्या आख्ख्या आयुष्यात तशी चादर कुणी घातली नव्हती. एक हात सपाट, दुसऱ्याने ताण, कोपऱ्याला तिरकी घडी, घडी आत. सुरकुती नाही. उशी ठेवली तीसुद्धा खोळीचं उघडं तोंड दाराकडे न करता, आईच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी. वर्षाराणी तोंड उघडं टाकून बघत होती.

"ह्ये शिकवत्यात व्हय हितं?"

"पैलं ह्येच शिकवत्यात."

वर्षाराणी आडवी झाली ती काठीसारखी ताठ, भेगाळलेल्या टाचा चादरीला लागू नयेत म्हणून हवेत धरून. साक्षीने त्या दोन्ही टाचा हातात घेतल्या आणि हळूच चादरीवर ठेवल्या. वर हलकेच ओढणी ओढली.

छताकडे बघत वर्षाराणी म्हणाली, "जल्मभर दुसऱ्याची हातरुणं घातली मी. आईबाची घातली, सासूची, दिरांची, तुझी. माझं कुणी घातल्यालं ह्येच पैलं." आणि तिचं वाक्य पूर्ण होतं न होतं तोच तिला झोप लागली.

त्या बाईचा भार मी कसा सांगू? हाडं आणि कातडं, वजन ते काय असणार! पण ती जेव्हा सगळी माझ्या हवाली झाली तेव्हा माझ्या नव्याने आवळलेल्या नटांना कळलं की आपण कशासाठी घडलो. तिची काळी बोटं एकेक करून उघडली. साक्षी तिच्या उशाशी बसून राहिली आणि शांभवी दारात, कुणी आवाज करू नये म्हणून राखणीला. पलीकडच्या खोलीत कुणी खिदळलं तर ती आधी डोळे वटारायची. दोन पोरी आणि मी, तिघी मिळून एका माणसाची झोप सांभाळत होतो.

संध्याकाळच्या गाडीला वर्षाराणी एकटीच निघाली. दारातूनच तिने घरी फोन लावला. "पोरगी येत न्हाय," ती म्हणाली. पलीकडून भाऊसोंनी काहीतरी विचारलं असावं. "व्हय, झोपती की. मीबी झोपलो." मग पिशवी खांद्याला लावली, लेकीच्या गालावरून हात फिरवला, आणि गेली.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं आम्ही जुन्या वस्तू नेहमीच सांगतो, आणि तुम्ही घ्यालही. माझ्यासारखी एखादी कुरकुरत असेल तर थेंबभर तेल पुरतं. पण आज मी दुसरंच मागणार आहे. तुमच्या घरात एक माणूस असं असेल जे सगळ्यांची अंथरुणं घालतं आणि उरलेल्या कोपऱ्यात सगळ्यांच्या शेवटी अंग टाकतं. आज त्याच्या आधी तुम्ही उठा. चादर झटका, कोपरे नीट दाबा आणि म्हणा, "आज तू आधी झोप." नाही म्हणेल, पाय मळलेत म्हणेल. तरी झोपवा. मग दिवा मालवण्याआधी थोडा वेळ त्याच्या उशाशी बसा आणि बघा. मला रोज दिसतं ते एकदा तुम्हालाही दिसू दे.